चोवीस तास पाय ठेवू नये

साळव्यांच्या घरी चहाला बसलं की कपाला हात लावण्याआधी विचारावं लागे, "सेट झालाय का?" प्रश्न चहाचा नसे, कपाच्या कानाचा असे. त्या घरात सहा कप होते आणि सहाही कपांचे कान कधी ना कधी तुटून पुन्हा बसवलेले होते. एकदा मी न विचारता कप उचलला. कान माझ्या बोटांत राहिला आणि कप चहासकट मांडीवर आला. मी ओरडत उठलो. साळव्यांनी तो कान माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "घाई केलीत सेक्रेटरी. सात तास बाकी होते ह्याचे."

सुखदेव साळवे आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी होती आणि बाकी कोणी तयार नव्हतं म्हणून मी तिचा सेक्रेटरी होतो. साळव्यांनी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, रेझिन बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं काढली होती. रेझिन म्हणजे मधासारखा दाट, पारदर्शक द्रव. त्यात हार्डनर नावाचं दुसरं औषध मापात घालून घोटलं की काही तासांत त्याचा दगड होतो. आमच्याकडचं शेंबडं पोरही एवढं सांगू शकायचं, कारण साळवे भेटेल त्याची शिकवणी घेत.

तुटलेली वस्तू दिसली की त्यांचे डोळे चमकायचे. बादलीची चीर, छत्रीची मूठ, रेडिओचं बटण, माझ्या आईच्या चष्म्याची काडी, काहीही चालायचं. तळमजल्यावरच्या देशमुख आजोबांची कवळी दुभंगली तेव्हा साळव्यांनी ती जोडून दिली आणि बजावलं, "चोवीस तास तोंडात घालायची नाय." आजोबा एक पूर्ण दिवस गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी देशमुख आजींनी साळव्यांना हळूच विचारलं, "अठ्ठेचाळीस तासवालं औषध नसतं का हो?"

जोडकाम पक्कं झालं की नाही हे ते नखानं वाजवून ठरवत. टक्‌ असा आवाज आला की पास. आणि पास झालेल्या प्रत्येक जोडावर खिळ्यानं एक बारीक फुली मारत. ती त्यांची सही. माझ्या स्लिपरचा तळ फाटला होता, तिथं त्यांनी सुपारीएवढं ठिगळ बसवलं आणि त्याच्यावरही फुली ओढली. मी म्हटलं, "अहो, तळव्याखाली कोण बघणार आहे सही?" तर म्हणाले, "बघायला कशाला पायजे? आहे ना ती."

माणसंही ते याच मापानं मोजत. कोणी भांडखोर असला की "हार्डनर जास्त पडलाय". कोणी बोलून फिरला की "कच्चं आहे अजून, टाइम द्या". माझ्याबद्दलचं त्यांचं मत देशमुख आजोबांनी मला ऐकवलं होतं. "सेक्रेटरी माणूस चांगला, मटेरियल एक नंबर. फक्त हार्डनर कमी पडला." मी तेव्हा खूप हसलो होतो. पुढं जे सांगणार आहे ते वाचल्यावर तुम्हाला कळेल की माझी पारख त्यांच्याइतकी अचूक दुसऱ्या कोणी केलेली नाही.

तर आमच्या सोसायटीला ड्राइव्ह-वे होता. हा शब्द बिल्डरचा. गेटपासून जिन्यापर्यंत साठ पावलांची डांबरी वाट, आणि तिच्यावरून ड्राइव्ह करायला सगळ्या बिल्डिंगमध्ये मिळून एक स्कूटर आणि चार सायकली. बिल्डरनं डांबर ओतलं आणि तो गेला. दहा वर्षांत वाटेची चाळण झाली. उन्हाळ्यात डांबर वितळून चपला ओढून घ्यायचं, एरवी खडी निघून गुडघे फोडायचं. मीटिंगमध्ये दर वर्षी तिच्यावर चर्चा व्हायची आणि दर वर्षी ती पुढच्या वर्षावर जायची.

नव्वदच्या आसपास साळव्यांच्या कंपनीला टाळं लागलं. माणूस घरी बसला. बावीस वर्षं ठरलेल्या वेळेला डबा घेऊन निघणारे साळवे तेव्हाही त्याच वेळेला खाली यायचे आणि गेटशी उभे राहून परत वर जायचे. एका रविवारी मीटिंगमध्ये ते उठून उभे राहिले. कंपनी बंद होताना कामगारांना उरलेल्या मालातले काही डबे नेऊ दिले होते, ते त्यांच्याकडे होते. "रस्त्याचं काम मी करतो," ते म्हणाले. "डांबर उखडायची गरज नाय. साफ करायचं, सुटं काढायचं, वरनं रेझिनमध्ये बारीक गोटे घोटून थर द्यायचा. चकाचक. पन्नास वर्षं बघायला नको. मजुरी नको मला."

मजुरी का नको ते त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लछूशेठ म्हणून एक सिंधी व्यापारी होता, त्याला त्याच्या तीन गोदामांना असाच फरशीसारखा थर करून हवा होता. पण तो म्हणाला होता, आधी केलेलं काम दाखव. साळव्यांनी बावीस वर्षं माल बनवला होता, काम कुठलं दाखवणार? म्हणून आमची वाट. "रविवारी येतोय तो बघायला," साळवे म्हणाले. "त्याचं काम मिळालं तर मी माझा धंदा टाकतो. नाय तर ह्या वयात कोण ठेवणार मला, सांगा."

मग सगळी बिल्डिंग कामाला लागली. उल्हास नदीवरून गोट्यांची पोती आणली, धुतली, गच्चीवर वाळत घातली. माझी आई तेव्हा साठीची. महाडकडच्या खेड्यात जन्म गेलेला, बदलापुरात तिला दिवस खायला उठायचा. ती सूप घेऊन गच्चीवर जाऊन बसली आणि तांदूळ निवडावे तसे गोटे निवडू लागली. मोठे वेगळे, चपटे वेगळे, शिंपल्याचे तुकडे वेगळे. आम्ही हसायचो, की खड्यांतून खडे निवडणारी बाई जगात ही एकच. साळवे मात्र हसले नाहीत. ते शेजारी मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "आई, हा घेऊ का?" आई म्हणायची, "नको रे बाबा, रोडका आहे तो." ते तो टाकून द्यायचे. आठ दिवस दोघांचं हेच चाललं होतं. माझ्याशी आई आठ दिवसांत एवढं बोलली नसेल.

बुधवारी थर टाकला. घरच्या तराजूनं मापं घेत, घोटत, थापीनं सारखं करत साळवे गेटपासून मागं मागं सरकत जिन्याच्या पायरीपर्यंत आले, तेव्हा संध्याकाळ झाली होती. वाट ओल्या नदीच्या तळासारखी चमकत होती. त्यांनी दोन्हीकडून काथ्याची दोरी बांधली, पुठ्ठ्यावर लिहिलं, 'सेट होत आहे. चोवीस तास पाय ठेवू नये.' मला चेव आला. जिन्याखाली सोसायटीचा फळा होता, त्यावर मी पाण्याच्या वेळा लिहायचो. तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जो पाय ठेवील त्याचे नाव या फळ्यावर लिहिले जाईल.' खाली झोकात सही केली.

वाट बंद, म्हणून सगळी बिऱ्हाडं देशमुखांच्या मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून, पुढच्या दारानं जिन्यात यायची. देशमुख आजी म्हणाल्या, एका संध्याकाळीत अर्धा डबा चकल्या गेल्या.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. हे माझ्या लक्षात नव्हतं आणि साळव्यांच्या घरी बुद्धमूर्ती, त्यांच्या लक्षात असायचं कारण नव्हतं. आईच्या लक्षात होतं. पहाटे मला जाग आली ती खालून आलेल्या पाण्याच्या आवाजानं. गॅलरीतून वाकून पाहिलं तर आई शेवटच्या पायरीवर उभी, हातात बादली, आणि चिमूटभर शेण कालवलेल्या पाण्याचा सडा ती नव्याकोऱ्या थरावर हात लांब करून शिंपडत होती. मी धावत खाली गेलो. तोवर तिचं सगळं आटोपलं होतं. पायरीवर बसून तिनं दोरीखालून हात घातला होता आणि थराच्या कडेला रांगोळीची दोन लक्ष्मीची पावलं काढली होती, आत येणारी.

"आई, हे काय केलंस!"

"काय केलं? नवी जमीन अशी ओकीबोकी ठेवतात होय? बेस्तरवार आहे आज." मग पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "वाचलंय मी ते. पाय कुठं ठेवलाय? इथनंच शिंपडलं."

तिला वर पाठवलं. ओल्या रेझिनला पाण्याचं वावडं असतं, हे मला साळव्यांनी दहा वेळा शिकवलेलं. माझ्या डोळ्यांदेखत थर पांढरा पडायला लागला, दुधाचा हात फिरवल्यासारखा. मी खांद्यावरच्या पंच्यानं पुसायला गेलो, तर पांढरं आणखी पसरलं. रांगोळी पुसायला एक पाय पुढं टाकला आणि स्लिपर चिकटली. ओढून काढली तेव्हा चर्रकन आवाज आला. रांगोळी जागची हलली नव्हती, ती रुतून बसली होती. तिच्या शेजारी माझं पाऊल उमटलं होतं. लक्ष्मी आत येत होती आणि सोसायटीचा सेक्रेटरी बाहेर निघाला होता. जिन्याखाली उरलेल्या गोट्यांचं पोतं होतं. त्यातले चार ओंजळी गोटे मी त्या दोन्हींवर ओतले, हातानं दाबले आणि चोरासारखा वर येऊन पांघरूण घेऊन पडलो.

सहा वाजता साळवे खाली आले. मी गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीमागून बघत होतो. ते पायरीवर उभे राहिले. मग उकिडवे बसले, पांढऱ्या जागेवर नख वाजवलं. आवाज आला नाही. वाकून वास घेतला. मी टाकलेल्या गोट्यांतले दोन-चार उचलून खाली पाहिलं आणि ते परत होते तिथं ठेवून दिले. मला वाटलं, यांना काही कळलेलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. या श्वासाची लाज मला आजही वाटते.

बिल्डिंग जमली. साळवे सगळ्यांना एकच सांगत होते, "दव पडलं. थंडीचा अंदाज मी धरायला पायजे होता. चूक माझी." गेटपासून पंचावन्न पावलं काम लोखंडासारखं झालं होतं, पण जिन्यासमोरचा पांढरा, चिकट पट्टा तेवढा सगळ्यांना दिसत होता. आईनं मला विचारलं, "पांढरं कशानं रे झालं?" मी म्हटलं, "दवानं." तिनं विश्वास ठेवला.

रविवारी लछूशेठ शेअर रिक्षानं आला. पांढरे कपडे, हसरा माणूस. गेटपासून चालत येताना तो खूश होता, टाच आपटून बघत होता. पट्ट्यापाशी थांबला. "साईं, ये क्या हो गया?"

साळवे म्हणाले, "ओस गिरा, शेठ. मेरी गलती. बाकी माल देखो."

शेठ माझ्याकडे वळला. "सेक्रेटरी साब, आप पढ़े-लिखे आदमी हो. आप बोलो. इसका काम कैसा है?"

साळवेही माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते, कप हातात घेऊन सेट व्हायची वाट बघावी तसे. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या आईनं पाणी टाकलं, माणसाचा दोष नाही. फळ्यावर माझी सही माझ्याकडे बघत होती. बारा घरांची माणसं उभी होती. मी म्हणालो, "अब... नया प्रयोग है, शेठ."

शेठनं मान हलवली, साळव्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गेला. पुन्हा आला नाही.

त्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद म्हणाले, "आपणही काम कोणाच्या हातात देतो, याचा जरा विचार करायला हवा." त्यांना काय म्हणायचं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. साळव्यांनाही कळलं. मी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिलं, 'साहित्य निकृष्ट असल्याने काम समाधानकारक झाले नाही.' अक्षर माझं चांगलं आहे.

स्वतःची समजूत घालायला मला एक सबब सापडली होती. आईनं सडा शिंपडला असं सांगितलं तर साळव्यांना काय वाटेल? त्यांचा हात लागला म्हणून म्हातारीनं शेणाचं पाणी टाकलं, असं वाटलं तर? त्यांचं मन दुखावू नये म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगायचो. खरं सांगायचं तर ही सबब मला दुसऱ्या दिवशी सुचली. पहिल्या दिवशी नुसती भीती होती.

पुढचे तीन रविवार साळव्यांनी एकट्यानं बसून तो पट्टा छिन्नीनं काढला आणि उरलेल्या डब्यातून नवा थर दिला. तोही उत्तम झाला. पण त्यांच्याकडे कोणी काही जोडायला नेणं बंद झालं. कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात त्यांना बटणं ठोकायच्या मशीनवर काम मिळालं. एकदा मी विचारलं, "कसं आहे काम?" म्हणाले, "काय नाय हो. ठक्‌ केलं की बसलं. वाट बघायलाच लागत नाय." त्यांच्या घरी चहाला स्टीलचे पेले आले. आता काही विचारावं लागत नसे.

सहा वर्षांनी आई गेली. तेराव्यानंतर एका संध्याकाळी साळवे वर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे आईंचं. तुमच्याकडे असलेलं बरं."

मी कागद सोडला. वहीच्या पानाएवढी रेझिनची लादी होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर काचेसारखा नवा थर. आत लक्ष्मीची दोन पावलं. आईची करंगळी जरा वाकडी होती, त्यामुळं तिच्या रांगोळीत डाव्या पावलाची टाच नेहमी तिरकी यायची. ती तशीच होती. माझे दाबलेले गोटे त्यांनी नखानं एकेक करून काढले असणार. आणि शेजारी माझ्या स्लिपरचा अर्धा ठसा. त्याच्या मधोमध सुपारीएवढं ठिगळ, ठिगळावर फुली.

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"सही माझीच ना ती."

"मग लछूशेठसमोर बोलला का नाहीत?"

"मी कसा बोलणार? आईंचं नाव कसं घेणार मी, चारचौघांत? म्हटलं, तुम्ही बोलाल. टाइम दिला."

"सहा वर्षं?"

मी माफी मागायला लागलो, तर तेच म्हणाले, "आईंना सांगितलं नाहीत, तेवढं बरं केलंत. त्यांनी मनाला लावून घेतलं असतं." मग लादीवर त्यांनी नेहमीसारखं नख वाजवलं. "सेक्रेटरी, बावीस वर्षं माल बनवला मी. ड्रम भरायचे, गाडी यायची, जायचे. कुठं गेला, कुठं लागला, आपल्याला काय माहीत? माझ्या कामावर कोणी रांगोळी काढली, ती ही एवढीच."

म्हणजे ज्या गोष्टीचं त्यांना वाईट वाटेल म्हणून मी सहा वर्षं तोंड लपवलं, ती त्यांनी घासूनपुसून, वर थर देऊन जपून ठेवली होती. माझी लाज सोयीची होती, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी जिन्याखाली गेलो. फळ्यावरच्या पाण्याच्या वेळा पुसल्या आणि लिहिलं, 'वाट ओली असताना तिच्यावर पाय मी ठेवला होता. साळवे यांचे काम आणि माल दोन्ही उत्तम होते. इतिवृत्तातील नोंद खोटी आहे.' खाली पूर्ण नाव लिहिलं, दत्ताराम गणपत सुर्वे. येणारे-जाणारे थांबून वाचायला लागले. "कुठे पाय ठेवलात, सुर्वे?" "कुठली वाट?" "पाणी किती वाजता आहे ते लिहा ना." कोणालाच काही आठवत नव्हतं.

आठच्या सुमाराला साळवे कॅम्प तीनहून परतले. फळ्यासमोर उभे राहिले. डब्याची पिशवी पायरीवर ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. मी खडू हातात धरून बाजूला उभा होतो. शाळेत कधी शिक्षा झाली नव्हती, ती आता होत होती.

"एक राहिलं," ते म्हणाले.

"काय?"

"आईंनी रांगोळी काढली होती. ते पण लिहा."

खाली थोडी जागा होती. मी बारीक अक्षरात लिहिलं, 'या कामावर माझ्या आईने रांगोळी काढली होती.' साळव्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पिशवी उचलली आणि हळूहळू जिना चढून घरी गेले.